मामांचं नाक, नामदेवची विहीर

सबंध सातारा जिल्ह्यात केवळ नाकाच्या भरवशावर जगलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. देवानं त्यांनाही दोन डोळे आणि दोन कान दिले होते, पण मामा त्यांना दुय्यम साक्षीदार मानत. वर्तमानपत्र हातात आलं की आधी हुंगायचे, मग वाचायचे. दूधवाल्याची किटली ओट्यावर टेकायच्या आत "आज म्हशीला सरकी न्हाई घातलीस रं" असं सांगायचे, आणि तो बिचारा कबूल व्हायचा. एस.टी.त बसले की दोन मैलांत त्यांचं निदान तयार : "डिझेल लय पितीय गाडी, डेपोत सांगा." आमच्या लग्नाआधी मुलगा बघायला आले, तेव्हा माझी नोकरी, शिक्षण, पत्रिका यांतलं काहीएक न विचारता त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, तोच हात नाकाशी नेला आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं, "पोरगा सिगरेट वडतो, पर लपवून वडतो. म्हंजी आईबापाचा धाक हाय. द्या पोरगी." माझ्या आईनं पुढचे आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. पण लग्न जमलं.

हे नाक फौजेत तयार झालं होतं. मामांची सगळी नोकरी फौजेच्या इंधनडेपोंत गेली आणि सुभेदार होऊन ते गावी परतले. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, विमानाचं तेल, सगळं डोळे बांधून ओळखायचे म्हणे. असल्या पैजांत त्यांनी रमच्या बाटल्या जिंकल्या आणि सगळ्या वाटून टाकल्या, कारण दारूनं नाक मरतं. त्याच कारणानं तंबाखू बंद, तपकीर बंद, आणि महत्त्वाचं काही हुंगायचं असेल तर आधी दोन दिवस कांदा-लसूणही बंद. "ह्या नाकापायी माझ्या भाजीला कवा चव आली न्हाई," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मामांच्या देखत सांगत, हे विशेष.

नाकाखालोखाल त्यांचा जीव डिपरॉडवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी सातारा-फलटण रस्त्यावर गावाला लागून असलेल्या पेट्रोल पंपावर मॅनेजरकी धरली. जमिनीखालच्या टाकीत किती तेल आहे हे बघायला खुणा केलेली लांब पितळी काठी सोडतात, तो डिपरॉड. काठीच्या टोकाला एक लेप लावायचा. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर तेवढ्या लेपाचा रंग बदलतो. रोज सकाळी सहाला मामा काठी सोडत, वर काढत, चष्मा लावून आकडा वाचत आणि पंपाच्या वहीत लिहून झाल्यावर स्वतःच्या डायरीतही लिहीत. पुढं ही सवय घरात शिरली. हौदात काठी, धान्याच्या कणगीत काठी, एकदा तर मामींच्या तुपाच्या बरणीत फूटपट्टी. "दोन बोटं कमी हाय," असं म्हणून त्यांनी मांजरावर संशय घेतला. तूप मी खाल्लं होतं. मी गप्प बसलो, आणि मांजराला तीन दिवस परसात काढावे लागले. मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माणूस खोटं बोलंल, काठी खोटं बोलत न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावर हसायचंही सोडून दिलं होतं.

मी तेव्हा साताऱ्याला भूजलाच्या सरकारी कचेरीत भूवैज्ञानिक होतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. तो पंप बंद पडून काही वर्षं झाली होती. मालक पुण्याला निघून गेला होता, छपराचे पत्रे कुणीतरी नेले होते. टाक्या मात्र जमिनीखाली तशाच होत्या. पंपाच्या खालच्या अंगाला उतारावर बौद्ध वस्ती आणि वस्तीची विहीर. गावच्या विहिरीवर चढू देत नाहीत म्हणून छप्पन्न सालानंतर वस्तीच्या बापजाद्यांनी स्वतः पहार मारून खणलेली. त्या विहिरीच्या पाण्याला वास येतो, असा अर्ज कचेरीत आला. आम्ही पाणी आणलं, क्षार तपासले, आरोग्य खात्यानं जंतू तपासले, आणि "पिण्यास योग्य" असा दाखला माझ्या सहीनं गेला. तेलाची तपासणी त्या छापील फॉर्मवर नव्हतीच, मग ती करणार कोण?

आठ दिवसांनी अर्जावर पहिली सही करणारा माणूस पितळी तांब्या घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. पन्नाशीचा, शिडशिडीत, धुवट पांढरा सदरा. नाव नामदेव. आवाज न चढवता तो म्हणाला, "सायेब, तुमी लिवलंय योग्य हाय. मग एक घोट घ्या." मी तांब्या तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. तो तांब्या उचलून निघून गेला.

रविवारी मामांकडे जेवायला गेलो तेव्हा मी हे सांगितलं. नामदेवचं नाव निघताच मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "त्यो? त्येचं काय खरं धरताय, जावईबापू. चोर हाय त्यो."

मग ती हकिगत मला पहिल्यांदा कळली. नामदेव पंपावर कामाला होता आणि टाकीच्या झाकणाची किल्ली त्याच्याकडे असे. बारा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात डिझेलची घट यायला लागली. विक्री एवढी, काठी दाखवते तेवढी, मधलं डिझेल गेलं कुठं? किल्ली एकट्याकडे. तो वस्तीतला, त्यामुळं पंपावर कुणी दुसरा प्रश्नही विचारला नाही. मामांनी पंपावरच, चारचौघांत त्याला विचारलं. तो म्हणाला, "सुभेदार, मी हात लावला न्हाई." मामांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली, त्याला कामावरून घरी पाठवलं आणि डायरीत लिहिलं, "नामदेव खोटं बोलतो." आणि पुरावाही मिळाला! नामदेव गेला आणि त्याच आठवड्यात घट थांबली. त्याच वर्षी दिवाळीत आपल्या उसाकडे बघायचं म्हणून मामांनी पंप सोडला, ते मनात कुठलीही खळखळ न ठेवता.

"ते असू दे," मी म्हटलं, "पण पाण्याला वास आहे." येताना विहिरीवरून भरून आणलेला पाण्याचा कॅन मी पुढं केला. मामांनी बूच काढलं, डोळे मिटून हुंगलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला पुन्हा मांजर आठवलं. "ह्यो रॉकेलचा वास हाय. रेशनच्या. ह्या कॅनात तुमी रॉकेल आणत व्हता का न्हाई?" आणत होतो. बायकोनं साबणानं दोनदा धुतला होता. "कचेरी एवढी मोटी, आन् नमुना रॉकेलच्या कॅनात? आवं, तुमच्या प्रयोगशाळेला नाक न्हाई, निदान काच तरी घ्या!" मी निमूट ऐकून घेतलं. करतो काय? सुभेदारांच्या घरात भूवैज्ञानिकाला वेगळी खुर्ची नव्हती.

पण दोन दिवस कांदा न खाता, तिसऱ्या सकाळी मामा आपणहून वस्तीच्या विहिरीवर आले. बारा वर्षांत पहिल्यांदा. नामदेव काठावर उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मामा वाकले, पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, डोळे मिटले. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन थांबल्या होत्या. पाण्याला वास असो नसो, दुसरं पाणी होतंच कुठं? मग मामा माझ्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डिझेल हाय. जुनं हाय, मातीतनं आलंय. अर्ज खरा हाय." नामदेवच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मामा मात्र परतताना वाट वाकडी करून बंद पंपाच्या आवारात गेले आणि टाकीच्या झाकणाशी वाकून बघत राहिले.

मग तपास सुरू झाला. सरकारी यंत्र यायला महिना लागणार होता, म्हणून आम्ही हातानं फिरवायच्या गिरमिटानं पंपाच्या आवारात भोकं पाडली. वर काळी माती, खाली मुरूम. दर हातभर खोलीला माती वर काढायची आणि काचेत भरायची. काच कुठून आणणार? मामींच्या लोणच्याच्या बरण्या. मामांनी त्या सोड्यानं धुऊन तीन दिवस उन्हात ठेवल्या आणि मोहरीचा वास गेल्याची स्वतः खात्री केली. "हितं मानसं खायाची बरणी मातीला देत्यात," असं म्हणत मामी शेजारणीकडे जाऊन बसल्या. बावीस बरण्या ओट्यावर ओळीनं मांडल्या आणि मामा पलटणीची पाहणी करावी तसे एकेकीपुढं थांबत गेले. "ही कोरी. हीबी कोरी. ह्या बरणीत हाय, थोडं. ह्या बरणीत लय हाय." मी चिठ्ठ्यांवर लिहीत गेलो. पुढं पुण्याच्या प्रयोगशाळेतून निकाल आला तेव्हा फक्त एका बरणीत फरक निघाला. त्या सकाळी शेजारी मासे तळत होते, असं मामांचं म्हणणं. वासाची वाट सरळ होती : डिझेलच्या टाकीच्या तळापासून मुरुमातून उताराला, थेट विहिरीकडे.

टाकी फुटली होती हे उघड झालं. कधी फुटली, हे मला अहवालात लिहायचं होतं. पंपाच्या वह्या मालकाबरोबर गेल्या होत्या. मामांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मात्र त्यांच्या डायऱ्या होत्या, वर्षावार, दोरीनं बांधलेल्या. मी त्यांतले आकडे उतरवून घेतले. आमच्या कचेरीच्या नोंदींवरून त्या भागातलं भूजल कुठल्या महिन्यात किती वर असतं ते मला ठाऊक होतं. ते आकडे एका बाजूला आणि मामांचे आकडे दुसऱ्या बाजूला मांडून बसलो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की टाकीत घट. पावसानं भूजल टाकीच्या वर चढलं की घट बंद, आणि उलट काठीच्या टोकावर दोन बोटं पाणी. उन्हाळ्यात डिझेल बाहेर जात होतं, पावसाळ्यात पाणी आत येत होतं. नामदेवला काढलं त्या आठवड्यात घट थांबली, कारण त्या आठवड्यात पाऊस लागला होता. त्याच्या आदल्या वर्षीही थोडी घट होती, पावसाबरोबर थांबलेली. आणि तेव्हा किल्ली नामदेवकडेच होती.

हे मामांना सांगायचं कसं? मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर मामा ओट्यावर बसलेले, मांडीवर तीच डायरी. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पाणी मी बगितलं व्हतं, जावईबापू. झाकणातनं पाऊस गळतोय आसं वाटलं. नवं झाकण बशिवलं." मग डायरीवर बोट ठेवून म्हणाले, "काठीनं खरंच सांगितलं व्हतं. मीच माझ्या मनासारखं वाचलं." त्या माणसाचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मामी आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

तहसीलदारांच्या हुकमानं टाकी उकरून वर काढायची ठरली. क्रेन बघायला सगळं गाव जमलं. टाकी वर आली, चिखल निथळला आणि तळाशी गंजानं खाल्लेलं हरभऱ्याएवढं भोक दिसलं. मामा पुढं झाले. इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं. लोकांना वाटलं सुभेदारांना समारंभाची हौस, एकदोघं हसलेही. मामांनी त्या भोकाला करंगळीचं टोक लावून पाहिलं, आणि गर्दीत मागं उभ्या असलेल्या नामदेवला हाक मारली. तो पुढं आला. मामांनी खिशातली डायरी उघडून मोठ्यानं वाचलं, "नामदेव खोटं बोलतो." मग म्हणाले, "हे मी लिवलं. हितंच, ह्याच जागेवर चारचौघांत बोललो. हे खोटं हाय. मी चुकलो." आणि सगळ्यांसमक्ष पेनानं त्या ओळीवर काट मारली.

नामदेव खाली बघत होता. "सुभेदार," तो म्हणाला, "बारा वर्सं झाली. त्या दिसापास्नं मला कुणी कशाचीच किल्ली दिली न्हाई. गोदामाची न्हाई, शाळंची न्हाई. लगीनघरातबी आहेराच्या पेटीजवळ बसू दिलं न्हाई." मामांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढून पुढं केली. त्यांच्या शेतातल्या बोअरच्या मोटरघराची. विहीर नितळ होईपर्यंत वस्तीनं ते पाणी वापरावं आणि मोटर नामदेवनं सांभाळावी. नामदेवनं ती घेतली नाही. वळून चालायला लागला. त्याचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवसापासून मामा स्वतः बैलगाडीवर पिंप ठेवून वस्तीत पाणी नेऊ लागले. सुभेदारांना बैल हाकता येत नव्हते. बैल सरळ उसात शिरायचे, पिंप हिंदकळायचं, वस्तीत पोचेपर्यंत निम्मं पाणी रस्त्याला. आठ दिवस नामदेवनं हा तमाशा पाहिला. नवव्या दिवशी मोटरघरापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आना ती किल्ली. बायांस्नी सकाळी पाणी लागतं आन् तुमी दहाला येताय." मामांनी किल्ली दिली. दोघांत तेवढंच बोलणं झालं. पुढं बोअरपासून वस्तीपर्यंत पाइप आला, तोही त्या दोघांनीच भांडत भांडत टाकला.

मग दर रविवारी विहिरीवर मामांची हजेरी ठरलेली. तवंग कापडानं टिपायचा, पाणी उपसून टाकायचं, नवीन आलेलं हुंगायचं आणि डायरीत लिहायचं : "वास आहे." "वास आहे, कमी." असं दोन वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात मामांना मोठा ताप आला आणि ते उठले ते नाक गमावूनच. घरात कुणाला सांगितलं नाही. करपलेली भाजी तक्रार न करता खाल्ली तेव्हा मामी घाबरल्या आणि आम्हाला कळलं. नामदेवला मात्र त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं, "नाक गेलं गड्या. आता तू हुंग, मी लिवतो." मी एकदा तिथं गेलो तेव्हा पाहिलं : नामदेव ओंजळ नाकाशी नेतो, सांगतो, आणि मामा एक शब्द न विचारता तसंच उतरवून घेतात. जन्मभर स्वतःच्या नाकाशिवाय कुणावर विश्वास न ठेवलेला माणूस!

शेवटी मामा अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी फार दिवस नाहीत असं सांगितलं. रविवारी नामदेव बाटलीत पाणी घेऊन घरी आला. मी त्याला ओट्यावरच गाठलं. "आज वास नाही म्हणून सांगा," मी म्हटलं, "म्हाताऱ्याला समाधानानं जाऊ द्या." तो चपला काढून आत गेला. मामांनी डायरी जवळ ओढली. "काय रं?" नामदेवनं बाटली उघडली, हुंगली. "हाय, सुभेदार. इवलासा हाय." मामांनी तसंच लिहिलं आणि म्हणाले, "बरं." त्यांच्या चेहऱ्यावर काही दुःख नव्हतं, उलट स्वस्थ दिसले.

मला संताप आला. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "एक शब्द खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?" नामदेवनं चपला पायात सरकवल्या. "सायेब, एक डाव मी खरं सांगितलं आन् त्यांनी खोटं लिवलं. आता मी सांगन ते खरं म्हनून लिवत्यात. मग खोटं कसं सांगू?" त्याच आठवड्यात मामा गेले.

डायरी मामींनी नामदेवला दिली. मोटरघराची किल्ली त्याच्याकडे होतीच. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो माझ्या कचेरीत आला, तोच पितळी तांब्या घेऊन. मी तांब्या उचलून एक घोट घेतला, मग दुसरा. गार, गोड पाणी. त्यानं पिशवीतून डायरी काढून माझ्यापुढं उघडली. वर मामांचं शेवटचं वाकडं अक्षर, "वास आहे, इवलासा." त्याखाली नामदेवच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत कितीतरी रविवार, आणि शेवटच्या ओळीत "वास नाही." "प्रयोगशाळेत देऊ का नमुना?" मी विचारलं. "द्या की," तो म्हणाला, "काचेच्या बरणीतनं द्या. न्हाईतर सुभेदार रागावतील." आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता मला चष्मा काढून पुसावा लागला.